डाव्या मडगार्डचा पोचा

चमचाभर रंगासाठी एखादा माणूस किती वेळ काउंटर अडवून उभा राहू शकतो, हे मला त्या दुपारी कळलं.

गॅरेजमध्ये एका गिऱ्हाइकाची गाडी काचांना कागद चिकटवून तयार उभी होती. प्रायमर सुकला होता, फवारायची बंदूक धुऊन ठेवली होती, आणि मी मात्र रंगाच्या दुकानात ताटकळत! माझ्यापुढे एकच जण होता. पण तो एकटाच दहा जणांना पुरून उरेल असा. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात प्लॅस्टिकच्या चमच्यांचा जुडगा. प्रत्येक चमच्याच्या पाठीवर हिरवा रंग. आणि प्रत्येक हिरवा वेगळा... म्हणजे त्याच्या मते.

“हा आणि हा, ह्यांच्या मधला,” तो दुकानदाराला म्हणत होता. “थोडा खोल. पण काळपट नको.”

रंगवाल्या काकांनी कपाळावरचा घाम पुसला. “साहेब, लागणार किती?”

“एक चमचा... दोन धरा.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “अहो चमचेवाले,” मी म्हटलं, “तुमचं जेवण उरकेपर्यंत आम्ही उभं राहायचं का?”

तो वळला. चिडला नाही. तिथंच माझं बिनसलं. आपण ओरडलो की समोरच्यानं एकतर ओरडावं, नाहीतर गप्प बसावं. हा चक्क हसला.

“तुम्हाला रंगातलं कळतं?”

“पोट त्याच्यावरच आहे.”

“मग सांगा ना... ह्यात काय कमी आहे?”

त्याला गप्प करावं म्हणून मी चमचे हिसकावून घेतले आणि दाराशी जाऊन उजेडात धरले. गप्प मीच झाले. तो हिरवा मला पाठ होता.

“पिवळा कमी आहे,” मी म्हटलं. “आणि चंदेरी घालाल ती बारीक दाण्याची घाला, जाड नको. हा रंग उन्हात निळा मारतो आणि सावलीत काळा दिसतो. तसा दिसला तरच बरोबर.”

“म्हणजे तुम्ही ही गाडी पाहिलीये?” त्यानं घाईघाईनं खिशातून एक चित्र काढलं. जुनी अमेरिकन मसल कार. लांब नाक, दोनच दरवाजे, बॉनेटवर हवा आत घ्यायचा फुगवटा, मधोमध पांढरे पट्टे. उभी होती तरी आत्ता सुटेल अशी.

पाहिलीये म्हणे! तिच्या मागच्या सीटवर झोपून मी लहानाची मोठी झाले होते.

“अशी नव्हती ती,” मी चित्र त्याच्या हातात कोंबलं. “मुळीच अशी नव्हती.” आणि तणतणत बाहेर पडले.

अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, माझा रंग घ्यायचाच राहिला. परत गेले. तो पायरीवर उभा होता, माझा डबा हातात धरून.

“विसरलात,” म्हणाला. “मी छोट्या गाड्या बनवतो. पुढच्या चौकात ताईचं शिवणकामाचं दुकान आहे, त्याच्या वर. ती कशी होती ते सांगावंसं वाटलं तर... या.”

असा राग आला त्याचा! डबा घेतला आणि आभारही न मानता निघाले.

आता ती कशी होती ते सांगते.

बाबांनी ती भंगारातून उचलली होती. नुसता सांगाडा. बाबा डेंटिंग-पेंटिंगवाले, पत्रा हातात आला की त्यांना स्वस्थ बसवत नसे. इंजिनाला जीव आणायलाच त्यांची कितीतरी वर्षं गेली. कंपनीचा मूळ हिरवा त्यांनी स्वतः कालवून जुळवला, पट्टे दोरी ताणून ओढले, गिअरच्या दांड्याला स्वतः घासून गुळगुळीत केलेला लाकडी गोळा बसवला. सीटची शिवण आईची. आणि डाव्या मडगार्डला, पुढच्या चाकाच्या बरोबर वर, तळहाताएवढा पोचा. तोही आईचा. गाडी शिकताना पाडलेला.

कसा पाडला, ते मला कुणी कधी सांगितलं नाही. मी शाळेत असतानाच आई गेली, आणि बाबा तिच्याबद्दल बोलायचेच बंद झाले. पण पोचा राहिला. साऱ्या गावाच्या गाड्यांचे पोचे काढणारा माणूस, आणि त्याच्याच गाडीला पोचा! लोक काय कमी चेष्टा करायचे? बाबा त्या खळग्यात अंगठा ठेवून उभे राहायचे, बस्स.

मग बाबांचे डोळे गेले. हळूहळू गेले, पण गेले. डॉक्टरांनी हात टेकले. आणि एक दिवस मी सामान आणायला बाहेर गेले असताना त्यांनी ती गाडी एका हौशी माणसाला देऊन टाकली. मला न विचारता! “तिला चालवणारं कुणीतरी पाहिजे,” म्हणाले.

“मी काय मेले होते?” मी ओरडले.

“तुला तिच्यात बसलेलं मला दिसणार आहे का?” ते म्हणाले. कपाळ!

काही महिन्यांनी मी त्या हौशी माणसाकडे गाडी बघायला गेले. त्यानं ती नवीकोरी करून ठेवली होती. डावं मडगार्ड साफ गुळगुळीत. “पोचा होता, काढून टाकला,” तो छाती फुगवून म्हणाला. मी त्याला जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते नुसतं “बरं” म्हणाले.

त्यानंतर ते गॅरेजमध्ये आले नाहीत. घर आणि गॅरेज एकाच फाटकाच्या आत, मध्ये फक्त अंगण. तेवढंही ओलांडेनात. “आंधळ्याचं तिथं काय काम?” दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. आणि त्यांचा उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर फिरायचा, गोल गोल, लाकडात काहीतरी हरवल्यासारखा. ते बघून मला काय व्हायचं ते मला नीट सांगता येत नाही. दुसरं काही येत नाही म्हणून मी चिडायचे. भांडी आपटायचे, गिऱ्हाइकांवर डाफरायचे.

मला बाबा परत गॅरेजमध्ये हवे होते. त्यांच्याशिवाय मला तिथं करमत नव्हतं, हे एक. आणि ते त्या खुर्चीत रोज थोडे थोडे विझत होते, हे दुसरं. मोठी गाडी परत मिळणार नव्हती. पण अंगठ्याला तो खळगा तरी परत द्यायचा, असं मी ठरवलं. आणि नाक मुठीत धरून त्या चमचेवाल्याकडे गेले.

ताई मशीनवर होती, तोंडात टाचण्या. तिनं मला खालून वर पाहिलं. “वर आहे. हळू चढा हं. जिना हलला की त्याच्या चिमट्यातलं काहीतरी उडतं, आणि मग तो शोधत बसतो.”

वरची खोली लहान, पण जागच्या जागी. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, भिंग, चिमटे, ब्रश. प्लॅस्टिकच्या चौकटींना लागून आलेले गाडीचे सुटे भाग. बोटाच्या पेराएवढं एक इंजिन होतं, त्याला केसासारख्या बारीक वायरी लावणं चालू होतं. मी हातानं ट्रकचे दरवाजे सरळ करते. असल्या कामाला माणूस बसतो कसा, मला कळेना.

मी फोटो पुढे केला. गाडीला टेकून उभी असलेली आई, आणि तिच्या कोपराशी तो पोचा.

“ह्या कोण?”

“आई.”

त्यानं फोटो कडेनं धरला, बोटं मध्ये लागू दिली नाहीत. ते मी पाहिलं.

बाबांचं सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, “पोचा केवढा?”

“तळहाताएवढा.”

“म्हणजे मॉडेलवर मसुराच्या डाळीएवढा येईल.”

“डाळीएवढा? त्यांच्या अंगठ्याला लागायला हवा तो! मोठा करा.”

“प्रमाण बिघडेल.”

“बिघडू दे.”

“असं कसं? गाडी चोवीस पट लहान, तर पोचाही चोवीस पट लहान. गाडी एका मापात आणि पोचा दुसऱ्या मापात... चालणार नाही.”

“कुणाला चालणार नाही?”

“मला.”

“मिलिमीटर आहेस नुसता!”

त्यानं भिंगावरून डोळे वर केले. “मी ‘तू’ कधीपासून झालो?”

“मी चिडले की सगळ्यांनाच तू म्हणते.”

“मग... चिडत जा,” तो म्हणाला आणि पुन्हा इंजिनावर वाकला. कान मात्र लाल झाले होते.

डाळीएवढा तर डाळीएवढा, अंगठ्याला कळेल कसातरी, अशी मी मनाची समजूत घातली. आणि काम बघायला जाऊ लागले. नीट करतोय की नाही ते बघायला नको? ताईला मी तेच सांगायचे. टाचण्या तोंडात धरूनही ताईला हसता येतं, हे मला तेव्हा समजलं.

तो विचारायचा आणि मी सांगायचे. गिअरचा गोळा कुठल्या लाकडाचा, स्टिअरिंगला दोरी कशी गुंडाळली होती, मागच्या दिव्याची काच कुठं चिरली होती. सीटच्या शिवणीचा धागा तपकिरी होता म्हटल्यावर ताईनं डबे उपसून तसाच धागा शोधून दिला. तो सगळं ऐकायचा आणि तस्सं करायचा. बाबांनी पट्टे दोरी ताणून ओढले, मग त्यानंही पट्टी बाजूला ठेवून दोरा ताणला. मी बघत राहिले... कामाकडेच. पण काम करताना तो जीभ दातांत धरतो, हेही दिसणारच ना?

“तू स्वतः कुठली गाडी चालवतोस?” एकदा मी विचारलं.

तो गडबडला. “मला... येत नाही चालवायला. बसनं जातो.”

“जन्मभर गाड्या बनवतोस आणि गाडी चालवता येत नाही?”

“माझ्या गाड्यांत मावत नाही मी.”

हसू आलं, ते मी गिळलं. “शिकवीन कधीतरी. माझी व्हॅन आहे. अंगावर एक ओरखडा नाही तिच्या. लावलास तर जीव घेईन.”

“म्हणजे जिवावरच बेतणार,” तो म्हणाला. “कधी येऊ, हातोडी?”

हातोडी! मला! मी तावातावानं उठले, धक्का टेबलाला लागला, आणि चिमट्यातला बाहेरचा आरसा टुणकन उडाला. तांदळाच्या दाण्याएवढा आरसा.

“झालं,” तो म्हणाला. मग शांतपणे खालून ताईचा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आला, त्याच्या नळीच्या तोंडाला मोजा ताणून बसवला. कचरा आत गेला तरी आरसा मोज्यावर अडकेल, अशी ती युक्ती. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून सारी जमीन पिंजून काढली. टाचण्या मिळाल्या, बटण मिळालं, आरसा काही मिळेना. मी वैतागून डोकं वर केलं तर त्याचं तोंड अगदी समोर.

“हलू नकोस,” तो हळूच म्हणाला.

“का?”

“तुझ्या केसांत आहे.”

त्यानं चिमटा आणला. त्याचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता. एवढासा आरसा काढायला एवढा वेळ लागतो? मी म्हटलं, “मिळाला की नाही?”

“मिळाला,” तो म्हणाला, “मघाशीच.” आणि चिमटा तसाच धरून बसून राहिला. खाली ताईचं मशीनही बंद पडलं होतं. मला इतका राग आला... कुणाचा, ते विचारू नका. उठले आणि जिना हादरवत घरी गेले.

गाडी तयार झाली. खरं सांगते, मी ती दोनदा फिरवून पाहिली. तीच. उन्हात धरली तर निळी, सावलीत काळी. आणि डाव्या मडगार्डवर, भिंगाखाली, आईचा पोचा. त्याची एक कड किंचित दुमडलेली होती, तीसुद्धा त्यानं फोटोवरून शोधून काढली होती.

“तूही चल,” मी म्हटलं.

“नको. आधी त्यांना एकट्यांना भेटू दे.”

मी ती बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांचे हात आधी बिचकले, मग फिरू लागले. बॉनेटचा फुगवटा. पट्ट्यांची कड. खिडकीतून नख आत गेलं आणि ते मोठ्यानं म्हणाले, “अरे, माझा गोळा!” किती दिवसांनी हसले ते!

मग हात डाव्या मडगार्डवर आला. अंगठा चाकाच्या वर थांबला. पुढं गेला, मागं आला. पुन्हा गेला. हसू ओसरत चाललं होतं.

“ह्याचाही काढलास?” ते म्हणाले.

“नाही बाबा, आहे! तिथंच आहे, जरा खाली—” मी त्यांचा अंगठा धरून त्यावर ठेवला. पत्रा बडवून बडवून दगड झालेला तो अंगठा. डाळीएवढा पोचा त्याच्याखाली कुठल्या कुठं गेला. त्यांना काही लागलंच नाही.

“गुळगुळीत आहे गं. छान केलीये. कपाटावर ठेव, पडायची नाहीतर,” ते म्हणाले. आणि अंगठा पुन्हा खुर्चीच्या हातावर.

मी गाडी उचलली. त्याचा जिना चढून ती टेबलावर ठेवली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“त्यांना लागला नाही तुझा पोचा.”

“पण आहे तो,” तो गोंधळला. “मी भिंगाखाली तीन-तीनदा...”

“भिंगाखाली! त्यांना दिसत नाही, मिलिमीटर! कुठलं भिंग देऊ त्यांना? मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मोठा कर म्हणून. तुझं प्रमाण बिघडत होतं ना? ठेव आता ते प्रमाण उराशी!”

“जसा होता तसाच केला मी...”

“तसा तुला बघायचा होता. त्यांना हात लावायचा होता.” माझा आवाज फाटला. “त्यांना वाटलं मीच काढून टाकला. मी! तुझी गाडी बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर. घाल चुलीत. आणि परत मला तोंड दाखवू नकोस.”

तो पांढराफटक पडला. त्यानं निदान भांडायला तरी हवं होतं! खाली ताईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि मला जाताना बघत राहिली.

त्यानंतर तो आला नाही. येऊ नकोस म्हटलं की येऊ नये, इतकं आज्ञाधारक कुणी असतं का? मी त्या दिवसांत इतका पत्रा बडवला की शेजारी तक्रार घेऊन आले. रंगाच्या दुकानात गेले की आधी काउंटरकडे बघायचे. चमचे दिसायचे नाहीत. रंगवाले काका म्हणाले, “ते साहेब हल्ली येत नाहीत हो.” मी म्हटलं, “मला काय करायचंय?” आणि चुकीचा रंग घेऊन आले.

एका सकाळी गॅरेजमधून पाहिलं तर फाटकातून तो आत येत होता. काखेत खोका. मी हातोडीसकट आडवी गेले.

“काय आहे?”

“तुझ्याकडे नाही आलो. काकांकडे आलोय.”

“बाबा कुणाला भेटत नाहीत.”

“कोण आहे गं?” खिडकीतून बाबांचा आवाज. “येऊ दे त्याला आत.”

तो माझ्या बाजूनं सरळ आत गेला. मी मागोमाग. त्यानं खोका उघडला. तीच गाडी. मी वाकून डावं मडगार्ड पाहिलं आणि माझा ताबाच सुटला. गुळगुळीत! होता तो डाळीएवढा पोचाही नाही!

“तू चेष्टा करायला आलायस का? ह्यावर तर पोचाच—”

“गप्प बस जरा,” तो म्हणाला.

मला असं कुणी बोलत नाही. बाबांनी भुवया उंचावल्या, आणि शपथेवर सांगते, त्यांच्या ओठाची कड हलली.

“काका,” तो त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला, “हे मडगार्ड मी नवीन केलंय. प्लॅस्टिकचं नाही, पत्र्याचं. मलमाच्या ट्यूबचा पत्रा, मऊ असतो. पोचा कसा होता ते फोटोत दिसतं, पण खरा कसा होता ते तुमच्या अंगठ्यालाच माहीत. मला नाही जमणार. तुम्ही पाडा.”

त्यानं गाडी त्यांच्या हातात दिली आणि अंगठा जागेवर नेऊन सोडला.

बाबांचा अंगठा हलेना. मला वाटलं, आता म्हणणार, ठेव कपाटावर. आणि मग त्यांनी दाबला. हळू, थोडा तिरका, आतल्या बाजूला वळवून. पत्रा कुर्र वाजला. अर्धं मडगार्ड आत गेलं. अंगठा त्या खळग्यात बसला आणि तिथंच राहिला.

“इथं,” बाबा म्हणाले. “इथंच.” त्यांचे खांदे हलू लागले. मी घाबरून पुढे झाले, तर ते हसत होते. डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू.

“तुझी आई...” त्यांनी दुसऱ्या हातानं डोळे पुसले. “फाटकाच्या खांबावर घातलीन गाडी. सरळ! मी इकडून धावलो. म्हटलं, रडत असेल. तर बाई खाली उतरून खांबासमोर उभी, कमरेवर हात ठेवून. खांबाला म्हणते, ‘मी येतेय ते दिसत नव्हतं? इथं मध्ये कशाला उभा राहिलास?’ खांबाला गं! चांगलं फैलावर घेतलंन त्याला. मी तिथंच ठरवलं, हा पोचा काढायचा नाही.”

मला कुणीच हे कधी सांगितलं नव्हतं. आईची मला आठवण येते ती अंथरुणावरची, हळू आवाजातली. ती अशी भांडायची? माझ्यासारखी? मी रडले, आणि रडताना नाक पुसायला हातात फक्त रंगाचं फडकं होतं.

“प्रमाणात नाही हा पोचा,” मी त्याला म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

“नाहीये,” तो म्हणाला. “पण बरोबर आहे.”

त्याला सोडायला मी फाटकापर्यंत गेले. तेव्हा त्याची बोटं दिसली. प्रत्येकाला पट्टी.

“हे काय?”

“पत्रा कापतो. आणि फाटतोही सारखा. खूप मडगार्डं वाया गेली. ताईच्या घरातली सगळी मलमं मी वाट्यांमध्ये काढून ठेवलीयेत, ती वेगळी चिडलीये.”

“इतके दिवस हे करत होतास? मी इथं जन्मभर पत्र्यात हात घालून बसलेय, आणि तू एकटा बोटं कापून घेतोस? मला विचारता येत नव्हतं?”

“तू तोंड दाखवू नकोस म्हणाली होतीस.”

“म्हणून दाखवायचं नाही?”

“चिडलीयेस?”

“हो!”

“पोच्यासाठी?”

“पोच्याला काय धाड भरलीये! तू इतके दिवस आला नाहीस म्हणून.” बोलून गेले. आता गिळता येणार थोडंच?

त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. “मला तू आवडतेस, हातोडी. गप्प असलीस तरी आवडशील बहुतेक... पण तशी अजून पाहिली नाही.”

“एवढं बोलायला इतका वेळ? आधी चमच्यावर लावून बघत होतास की काय?”

“हो,” तो म्हणाला. “रोज. कुठलाच बरोबर वाटत नव्हता.”

मी त्याचा पट्ट्यांचा हात धरला. जरा जोरातच धरला असेन, कारण तो कळवळला. पण सोडला नाही. कुणीच.

दुसऱ्या दिवशी मी एका दरवाजावर लांबी, म्हणजे पुटी, भरून घासत होते. मागून काठीचा आवाज आला. बाबा अंगण ओलांडून आले होते, काखेत ती छोटी गाडी धरून. त्यांनी दरवाजावर तळवा फिरवला. “इथं खड्डा राहिलाय,” म्हणाले. “डोळे आहेत ना तुला?” मी दहा वेळा पाहिलं होतं, दिसला नव्हता. इतकं बरं वाटलं मला ती बोलणी खाऊन! तेव्हापासून आमच्या गॅरेजमधून बाबांच्या तळव्याखालून गेल्याशिवाय एकही गाडी बाहेर पडत नाही.

आणि मिलिमीटरला मी गाडी शिकवायला घेतली.

त्यानं आरसे पुसले, सीट पुढे-मागे करून बसवली, खांबापासून व्हॅन किती अंतरावर आहे ते उतरून पायानं मोजून आला. “पुरेल,” म्हणाला. मग क्लच सोडला, आणि सगळं मोजूनमापून, अगदी सावकाश, माझी व्हॅन फाटकाच्या खांबावर नेऊन घातली.

धाडकन आवाज झाला. मी दार उघडून उतरले. डावं मडगार्ड आत गेलं होतं. माझ्या व्हॅनचं! अंगावर ओरखडा नसलेल्या माझ्या व्हॅनचं! तो स्टिअरिंग धरून आत गोठलेला, आता आपलं काही खरं नाही अशा चेहऱ्यानं. माझा पारा असा चढला की डोळ्यांपुढे काही दिसेना. कमरेवर हात ठेवले आणि तोंड सोडलं.

“इतकी वर्षं इथं उभा आहेस, बाजूला व्हायचं कळत नाही तुला? लोकांनी गाड्या शिकायच्या तरी कुठं?”

बोलून झाल्यावर मला कळलं की मी खांबाशी भांडतेय.

गॅरेजच्या दारात बाबा येऊन उभे होते, आवाजाच्या दिशेला मान करून. “कुठं लागलं?” म्हणाले. काठी टेकत आले, व्हॅनवरून तळवा सरकवत पुढं गेले आणि चाकाच्या वर थांबले. अंगठा आत ठेवून पाहिला.

“पत्रा फाटलेला नाही,” ते म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. “हातोडी आण. आत्ता काढून टाकू.”

तो व्हॅनमधून उतरला आणि माझ्याकडे बघत राहिला.

“हात तर लावा त्याला,” मी दोघांवर ओरडले, “मग बघते!”